हाताखालचा खुंटा

घरच्या घरीं गाणें ध्वनिमुद्रित करून ठेवण्याची सोय आतां इतकी सुलभ झाली आहे कीं, ज्या घरांत एक संगणक व एक बरा माइक आहे त्या घराला स्वतःचें ध्वनिमुद्रणालय आहे असें म्हणावयास हरकत नाहीं. नातीचें भावगीत, सूनबाईंचें मंगळागौरीचें गाणें, आजोबांचें विष्णुसहस्रनाम, सारें कांहीं माजघरांत बसून टिपतां येतें. ओळखीच्या घरांतून मला याविषयीं जे प्रश्न येतात ते बहुधा माइकसंबंधीं असतात: कोणता घ्यावा, किती अंतरावर ठेवावा, भिंतीला गोधडी टांगावी कीं नाहीं. आवाज टिपून झाल्यावर तो हाताळावयाचा कशानें, हें मला अद्याप कोणीं विचारलेलें नाहीं. मी मात्र गेलें वर्षभर त्याच प्रश्नांत गुंतलों होतों. आणि त्याचा उलगडा होतांना जें कळलें तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहें.

प्रथम वस्तु कोणती तें सांगतों. संगणकावर आवाज जुळविण्याचें सॉफ्टवेअर उघडलें म्हणजे पडद्यावर उभ्या खांचा दिसतात व प्रत्येक खांचेंत एक चौकोनी मूठ असते. मूठ वर नेली कीं आवाज वाढतो, खालीं आणली कीं उतरतो. या धंद्यांतले लोक तिला फेडर म्हणतात. पडद्यावरचा फेडर माऊसनें ओढावा लागतो. तोच फेडर खराखुरा, बोटानें सरकवतां येईल असा, लहानशा पेटींत बसवून ती पेटी तारेनें संगणकाला जोडली म्हणजे झाला ‘कंट्रोल सरफेस’. मराठींत त्याला नियंत्रणफलक म्हणावें असें मीं सुचविलें होतें. पण आमच्या घरीं त्याचें नांव ‘खुंटा’ असें पडलें, आणि घरांत पडलेल्या नांवापुढें मास्तराचा प्रतिशब्द टिकत नाहीं.

एक गोष्ट आरंभींच ध्यानांत घ्यावी. या पेटींतून आवाज जात नाहीं. माइकचा आवाज ज्या पेटींतून संगणकांत शिरतो ती निराळी. नियंत्रणफलक हा केवळ निरोप्या आहे. मूठ इतकी वर गेली, इतकी खालीं आली, एवढाच निरोप तो पोंचवितो. तेव्हां महाग फलक घेतल्यानें आवाज गोड होतो, ही जी समजूत कित्येकांच्या बोलण्यांत आढळते ती निराधार आहे. फलक घ्यावयाचा तो हातासाठीं, कानासाठीं नव्हे.

माझ्या कामाचें स्वरूप सांगितल्यावांचून पुढचा विचार नीट कळणार नाहीं. माझी वडील बहीण, जिला आम्ही अक्का म्हणतों, ती आज एक्याऐंशी वर्षांची आहे. लग्न होऊन ती आटपाडीकडच्या ज्या खेड्यांत गेली तेथें त्या काळीं पिठाची गिरणी नव्हती. आईकडून नेलेल्या व सासूजवळ शिकलेल्या ओव्या पहांटे जात्यावर म्हणत तिनें उमेदीचीं वर्षें काढलीं. पुढें गिरणी आली, जातें कोपऱ्यांत गेलें, पण ओव्या जिभेवर राहिल्या. गेलीं सहा वर्षें ती आमच्याकडे दहिवडीस असते. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, पुण्यास अभियंता आहे. त्याची मुलगी परदेशीं शिकते. या नातीसाठीं अक्काच्या ओव्या टिपून ठेवाव्या, ही मूळ कल्पना भाच्याचीच.

जात्यावरच्या ओव्या जमविण्याचें मोठें कार्य महाराष्ट्रांत पूर्वींच झालेलें आहे. गी पॉइटवाँ व हेमा राईरकर या दोघांच्या पुढाकारानें खेडोपाडीं हिंडून लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, आणि २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’नें त्या लोकांपुढें आणण्याचें काम हातीं घेतलें. आमच्याच तालुक्यांत म्हसवड येथें माणदेशी तरंग वाहिनी हें लोकांचें नभोवाणी केंद्र २००८ सालीं सुरू झालें. तेव्हां ओव्या टिपण्यांत मी कांहीं नवें करीत होतों असें नाहीं. परंतु संग्रहांतली ओवी सर्वांची असते. अक्काची ओवी आमच्या आईच्या चालीवर आहे, आणि ती चाल जाणणारा दुसरा गळा आतां उरलेला नाहीं.

टिपण्याचें काम दोन उन्हाळ्यांत झालें. पहांटे साडेचारला पंखा बंद करावयाचा, एक माइक अक्कासमोर व दुसरा जात्यापाशीं ठेवावयाचा, आणि शेजारच्या विहिरीवरची मोटर सुरू होण्यापूर्वीं जेवढें होईल तेवढें उरकावयाचें. रिकामें जातें फिरवूं नये म्हणून अक्का मूठभर ज्वारी घालावयास लावी. ओढण्याचें बळ तिच्यांत नाहीं. समोर आमच्या सौ. बसत व ओढीत. अक्काचा हात खुंट्यावर नुसता असे. पण हात खुंट्यावर ठेवल्यावांचून तिला ओवी आठवतच नसे. गादीवर बसवून विचारलें तर दहावीसांपलीकडे मजल जात नव्हती. अशा रीतीनें चारशें बारा ओव्या संगणकांत आल्या.

सॉफ्टवेअर कोणतें, हें विचारणारे विचारतीलच. आरंभीं मीं मोफत मिळणारें ऑडॅसिटी वापरलें. कापाकापीला तें उत्तम आहे. पण माझ्याजवळच्या आवृत्तीला फेडरचा फलक जोडण्याची सोय नव्हती. म्हणून रीपर घेतलें. विनॲम्प या एके काळीं घरोघर असलेल्या वादकाचा कर्ता जस्टिन फ्रँकेल यानेंच रीपर निर्माण केलें असून त्याची पहिली पूर्ण आवृत्ति २००६ सालीं निघाली. साठ दिवस वापरून पाहावें व मग घरगुती उपयोगासाठीं साठ डॉलर द्यावे, असा त्याचा सरळ व्यवहार आहे. निवृत्त शिक्षकाला परवडणारी ही गोष्ट होती.

अडचण निघाली ती माझ्या डोळ्यांची. मला काचबिंदु आहे. थेंब चालू आहेत, दुखणें आटोक्यांत आहे; पण बाजूची दृष्टि जी गेली ती परत येत नसते, असें डॉक्टरांनीं पहिल्याच दिवशीं स्वच्छ सांगितलें. समोरचें अक्षर मी चांगलें वाचतों. परंतु माऊसचा बाण पडद्याच्या कडेला गेला कीं हरवतो. बाण शोधावा, मग फेडर शोधावा, मग त्याची इवलीशी मूठ पकडावी. तोंवर ओवी संपून जाते. एका ओवीला एक सकाळ, या हिशेबानें चारशें बारा ओव्यांना किती काळ लागावा? अक्काचें वय व माझे डोळे यांकडे पाहतां तेवढा काळ हातीं आहे असें धरून चालणें शहाणपणाचें नव्हतें.

फेडर इतका हलवावयाचा तरी कशासाठीं, असें वाटेल. म्हातारपणामुळें अक्काचा आवाज चरणाच्या शेवटीं विझतो. ओवींत शेवटीं पुष्कळदां भावाचें, लेकाचें, गांवाचें नांव येतें. तेंच ऐकूं आलें नाहीं तर ओवीचा अर्थच गेला. भाच्यानें यावर सोपा उपाय सांगितला. ‘‘मामा, फेडरच्या नादीं कशाला लागतां? कॉम्प्रेसर लावा. सगळा आवाज सारखा होईल.’’ कॉम्प्रेसर म्हणजे सॉफ्टवेअरमधली एक युक्ति: मोठा झालेला आवाज ती दाबून धरते, आणि मग सगळाच आवाज उचलतां येतो, त्यामुळें लहानमोठ्यांतलें अंतर कमी होतें. भाच्याचें म्हणणें चुकीचें नव्हतें. त्याची मुलगी आगगाडींत, कानांत बोंडें घालून, गर्दीच्या गलबल्यांत आजीच्या ओव्या ऐकणार. हलका शब्द तिच्यापर्यंत पोंचणार कसा? त्यानें पंचवीसएक ओव्या स्वतः तशा करून पाठविल्या. शब्द न् शब्द कळत होता.

त्या मीं अक्काला ऐकविल्या. तिनें शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाली, ‘‘म्हणते चांगली. पण ही बाई जात्यावर बसलेली नाहीं.’’

मला आधीं बोध झाला नाहीं. मग मूळ व सुधारलेली ओवी एकापुढें एक लावून पाहिली, तेव्हां ध्यानांत आलें. जात्याचा खुंटा ओढतांना जोर लागतो, तेथें आवाज चढतो. फेरा सुटला कीं श्वासहि सुटतो, तेथें आवाज खालीं येतो. ही चढउतार म्हातारपणाची नव्हे, ती दळणाची आहे. वीस वर्षांची असतांनाहि अक्का शेवट असाच खालीं सोडीत असली पाहिजे. कॉम्प्रेसरला दळण ठाऊक नाहीं. वयानें विझलेला शब्द कोणता व फेऱ्यानें उतरलेला शब्द कोणता, हा भेद त्याला कळण्याचें कारण नाहीं. त्यानें दोन्ही उचलले. हा भेद ज्याला ओवी पाठ आहे त्यालाच कळतो, आणि तो शब्द येण्याच्या क्षणींच कळतो, मागून नव्हे. म्हणजे कान ऐकत असतांना हात फेडरवर हवा.

स्वराला हाताची सोबत लागते ही कल्पना आपल्या घरांतून नवी नाहीं. ऋग्वेदाच्या पोथींत अनुदात्ताखालीं आडवी रेघ व स्वरितावर उभी रेघ असते, हें बहुतेकांनीं पाहिलें असेल. पण शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेंत उदात्त, अनुदात्त, स्वरित हे नुसते म्हणावयाचे नसतात, ते हातानें दाखवावयाचे असतात. माझे पाठशाळेंतले गुरुजी त्या शाखेचे. त्यांचा उजवा हात वर, खालीं, बाजूला असा चाले आणि स्वर त्याच्याबरोबर चाले. हात चुकला कीं ते संहिता थांबवीत, मग स्वर बरोबर असो वा नसो. लहानपणीं तो आम्हांला निष्कारण जाच वाटे. पाठ करणाऱ्याच्या अंगांत स्वर मुरावा कसा, याचें तें शास्त्र होतें. सामवेद्यांनीं तर बोटांच्या पेरांवर स्वर मोजले. २००३ सालीं युनेस्कोनें वेदपठणाच्या परंपरेचा गौरव केला, तेव्हां वर्तमानपत्रांतून कंठाची थोरवी पुष्कळ गायिली गेली. हाताविषयीं कोणी बोललें नाहीं.

ध्वनिमुद्रणाचा इतिहासहि एका अर्थीं हाताचाच आहे. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीचा गायसबर्ग हिंदुस्थानांत आला तेव्हां फेडर वगैरे कांहींच नव्हतें. कर्ण्यापुढें गायकानें तोंड आणावें, मोठा स्वर लावतांना मागें सरावें. आवाज कमीजास्त करण्याचें साधन म्हणजे गाणाऱ्याचें अंग. १९२५ च्या सुमारास विजेचा माइक आला व हें काम गाणाऱ्याकडून निघून यंत्रापाशीं बसलेल्या माणसाच्या बोटांकडे गेलें. गेल्या शतकाच्या आठव्या दशकांत इंग्लंडांतील नीव्ह कंपनीनें असा फलक काढला कीं, हातानें फेडर जसा हलविला तसा तो लक्षांत ठेवून पुढच्या वेळीं आपला आपण हलवी. तें यंत्र मोठमोठ्या ध्वनिमुद्रणालयांनाच घेतां येई. १९८३ सालीं वाद्यांनीं परस्परांशीं बोलावयाची मिडी ही भाषा ठरली, आणि नंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत तेंच आपोआप हलणारें फेडर पाटीएवढ्या पेटींत बसून दहिवडीसारख्या गांवांतल्या माणसाच्या आटोक्यांत आलें.

आतां निवडीकडे वळतों. पहिला सल्ला मिळाला तो फुकटाचा: मोबाइलवर किंवा टॅबलेटवर फेडर दाखविणारें ॲप घ्या, झालें. मीं तें करून पाहिलें. कांच गुळगुळीत, बोट मुठीवर आहे कीं बाजूला आहे हें डोळ्यांनींच पाहावें लागतें. मग माऊसनें काय वाईट केलें होतें? ज्यांचे डोळे तरुण आहेत त्यांना तें चालेल.

दुसरा प्रकार म्हणजे साध्या, मोटर नसलेल्या फेडरांचे लहान फलक. कॉर्ग कंपनीचा नॅनोकंट्रोल या जातींत प्रसिद्ध आहे: आठ आखूड फेडर, आठ फिरत्या मुठी, दप्तरांत मावणारा, आणि संगणकाच्याच तारेंतून वीज घेणारा. कीर्तनाला पेटीची साथ करणाऱ्या एका तरुणाकडे दुसऱ्या एका बनावटीचा असाच फलक होता. तो मीं पंधरा दिवस मागून आणला. न पाहतां मूठ सांपडते याचा पहिल्या दिवशीं मला इतका आनंद झाला कीं, हाच घ्यावा असें ठरवून टाकलें. दुसऱ्या दिवशीं अडलें. फेडरला मोटर नसल्यामुळें, पडद्यावरची मूठ मधें असली तरी हाताखालची मूठ कालच्या जागेवर, समजा अगदीं तळाशीं, राहिलेली असते. तिला किंचित् हलविली कीं आवाज एकदम त्या जागेवर उडी मारतो. हा त्या फलकाचा दोष नव्हे. मोटर नसलेल्या सर्वच फेडरांचा हा स्वभाव आहे. हातची मूठ पडद्यावरच्या मुठीपर्यंत येईतों तिचा निरोप घ्यावयाचा नाहीं, अशी सोय पुष्कळ सॉफ्टवेअरांत असते; पण ती कोठें मिळेल हें पाहावयास पुन्हां डोळे पडद्यावर.

तशांत साध्या मिडी निरोपांत ० पासून १२७ पर्यंत अशा १२८च पायऱ्या असतात. ढोलकीला त्या पुऱ्या आहेत. म्हाताऱ्या माणसाच्या विझत्या शब्दाखालीं हात घालावयाचा तर पायरी जाणवते. आखूड फेडरवर तर बोट जरा सरकलें कीं दोन-तीन पायऱ्या ओलांडल्या जातात. मॅकी कंपनीच्या फलकापासून जी पद्धत रूढ झाली, तिच्यांत फेडरच्या निरोपाला १६,३८४ पायऱ्यांची जागा असते. प्रत्यक्ष फलक एवढ्या सगळ्या वापरत नाहींत, तरी फरक बोटाला कळतो. ‘मॅकी कंट्रोल’ ही पद्धत बहुतेक सर्व सॉफ्टवेअरांना समजते, म्हणून फलक घेणाऱ्यानें दुकानांत जाण्यापूर्वीं दोन कागद पाहावे: आपलें सॉफ्टवेअर कोणत्या भाषा जाणतें, आणि फलक कोणती बोलतो. रूप, रंग व किंमत हीं मागाहून. कांहीं फलक एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरशीं मनमोकळे बोलतात व इतरांशीं तुटक. सासरमाहेरासारखा हा प्रकार आहे.

तेव्हां मोटरचा, पूर्ण शंभर मिलिमीटर लांबीचा, स्पर्श ओळखणारा फेडर, हें ठरलें. स्पर्श ओळखणारा म्हणजे बोट टेकतांच सॉफ्टवेअर नवी हालचाल लिहावयास घेतें व बोट उचलतांच थांबतें. नंतर मोटर तीच हालचाल पुन्हां करून दाखविते. मूळ ध्वनिमुद्रणाला यांत धक्का लागत नाहीं. मूळ आवाज संहितेसारखा जसाच्या तसा राहतो. फेडरची हालचाल ही त्यावरची टीका, आणि ती पुसून पुन्हां लिहितां येते. या व्यवस्थेमुळें मला मोठा धीर आला. बहिणीच्या आवाजावर कायमचा हात चालवावयाचा असता तर मी या भानगडींत पडलों नसतों.

मग प्रश्न, असे फेडर किती? येथें भाच्याचा व माझा खरा मतभेद झाला. खर्चाचा निम्मा भाग तो देणार होता, आणि त्याची इच्छा आठ फेडरांचा फलक घ्यावा अशी होती. ‘‘मामा, उद्यां तानपुरा लागेल, टाळ लागतील. एकच फेडर कसा पुरेल?’’ ज्याच्या घरीं चारसहा वाद्यें एकदम जुळवावयाचीं आहेत त्यानें आठच घ्यावे. दोन्ही हातांचीं बोटें निरनिराळ्या मुठींवर ठेवून वाद्यवृंद तोलणें एका फेडरवर साधत नाहीं. पण माझ्याकडे आवाज दोन, अक्काचा व जात्याचा. जातें एकदां ठरविलें कीं तेथेंच राहतें. एका वेळीं माझ्या बोटाखालीं एकच गळा असणार. आणि दुसऱ्याकडे वळावयाचें झाल्यास एका बटणानें तोच फेडर दुसऱ्याचा होतो. शिवाय आठ सारख्या मुठी ओळीनें असल्या म्हणजे त्यांतली तिसरी कोणती व चौथी कोणती, हें माझ्या डोळ्यांनीं ठरवावें लागणार. एकटी मूठ हाताला चुकत नाहीं.

घरांतला मतभेद निराळाच होता. आमच्या सौ. म्हणाल्या, ‘‘अहो, माडीवरचा पत्रा दोन पावसाळे गळतो आहे, आणि तुम्ही एका मुठीपायीं पुण्याला निघालांत!’’ माझ्या निवृत्तिवेतनाचा मोठा भाग जाणार हें खरें होतें. माझ्याजवळ उत्तर नव्हतें; पत्रा दिवाळीपर्यंत थांबेल, अक्का थांबेल कीं नाहीं हें सांगवत नाहीं, इतकेंच मीं म्हटलें. त्यावर त्या कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं डब्यांत दशम्या बांधून दिल्या.

पुण्याच्या दुकानांत माझ्यापुढें दोन फलक होते: प्रीसोनस कंपनीच्या फेडरपोर्टची २०१८ ची आवृत्ति व बेहरिंगर कंपनीचा एक्स-टच वन. दोहोंतहि मोटरचा एकच फेडर, दोहोंतहि लांबी शंभर मिलिमीटर, आणि दोघेहि मॅकी पद्धत बोलणारे. एकावर मोठें फिरतें चाक आहे व गाणें किती पुढें गेलें त्याचे आंकडे दिसतात. दुसऱ्यावर तीं नाहींत. मीं डोळे मिटले आणि प्रत्येक फलकावर सुरू करण्याचें, थांबविण्याचें व मागें नेण्याचें बटण दहादां शोधलें. विक्रीवरचा मुलगा आधीं हंसला, मग स्वतःच मोजूं लागला. ज्याच्यावर मीं दहापैकीं नऊदां अचूक बोट ठेवलें तो घेतला. कोणता, तें सांगत नाहीं. दुसऱ्याच्या बोटाला दुसरा सांपडेल. आणि या वयांत कोणत्याहि कंपनीचा पुरस्कर्ता होण्याची मला हौस नाहीं.

घेणाऱ्यांसाठीं दोन व्यावहारिक गोष्टी येथेंच सांगून टाकतों. मोटरच्या फेडरला वीज निराळी लागते. त्याचा अडॅप्टर स्वतंत्र असतो व संगणकाच्या तारेवर मोटर चालेल असें गृहीत धरूं नये. आमच्याकडे वीज केव्हां जाईल याचा नेम नसल्यानें मीं तो इन्व्हर्टरच्या खटक्यावर लावला आहे. आणि माणदेशाची धूळ! फेडरची खांच वरून उघडी असते व धूळ आंत बसली कीं मूठ अडखळूं लागते. अक्कानें जुन्या इरकलीच्या तुकड्याचें झांकण शिवून दिलें आहे. काम संपलें कीं तें घालतों. मोटरचा सूक्ष्म खरखराट होतो, पण त्या वेळीं माइक बंद असल्यानें त्याची बाधा नाहीं.

फलक घरीं आला त्या दिवशीं अक्का पाहावयास बसली. मीं एक ओवी हातानें उचलून लिहिली, मग हात मागें घेतला व ओवी पुन्हां लावली. मूठ आपली आपण वर-खालीं होऊं लागली. ‘‘हा तर खुंटाच कीं रे,’’ ती म्हणाली, ‘‘पलीकडून कोणी ओढतंय बघ.’’ नांव पडलें तें असें. मग तिनें स्वतः मुठीवर हात ठेवला. मोटरचा जोर फार नसतो. बोट टेकलें कीं ती सोडून देते. दोन-तीन ओव्या तिनें आपल्या हातानें उचलल्या, आणि शेवट जेथें मी उचलला असता तेथें तिनें खालीं सोडला.

आतां रोज दहाबारा ओव्या होतात. माझी रीत अशी: ओवी एकदां नुसती ऐकतों, मग डोळे मिटून बोट मुठीवर ठेवतों. विझलेल्या नांवाखालीं हळूच हात घालतों. फेऱ्याबरोबर उतरलेल्या शब्दाला उतरूं देतों. बहुतेक ओव्यांत हा निर्णय कठीण नसतो.

एका ओवीनें मात्र अडविलें. त्या ओवींत शेवटीं एका मुलाचें नांव येतें, आणि अक्का तें ओठांतल्या ओठांत म्हणते. भाच्यानें पाठविलेल्या पंचवीस ओव्यांत ही होती. कॉम्प्रेसरनें तें नांव इतरांबरोबर लख्ख पुढें आणलें होतें. भाच्यानें मला दूरध्वनीवर विचारलें, ‘‘मामा, हें नांव कुणाचं? आमच्यांत या नांवाचं कुणीच नाहीं.’’ तें त्याच्या थोरल्या भावाचें नांव. दीड वर्षाचा होऊन गेला. भाचा त्यानंतर तीन वर्षांनीं जन्मला. घरांत तें नांव कोणी घेत नसे. अक्का तेवढी जात्यावर घेई, आणि समोर बसलेल्या सासूलाहि ऐकूं जाणार नाहीं इतक्या हलक्यानें.

आतां हें नांव उचलावें कीं नाहीं? नातीला ओवी कळावी म्हणून एवढा खटाटोप, आणि नेमका ओवीचा जीव तो शब्द. मीं अक्कालाच विचारलें. ती बराच वेळ वाती वळीत राहिली. मग म्हणाली, ‘‘तें तसंच राहूं दे. ऐकायचं असेल तो कान जवळ आणील.’’ त्या ओवीला माझें बोट मुठीवर असतें, पण तें हलत नाहीं. मागच्या महिन्यांत भाचा आला होता. त्यानें पडदे ओढून, दार लावून ती ओवी तीनदां ऐकली व मला म्हणाला, ‘‘मामा, माझ्या पंचवीस ओव्या पुसून टाका. तुमच्याच पाठवा तिला.’’ मीं त्या पुसलेल्या नाहींत. बाजूला ठेवल्या आहेत. आगगाडींत ऐकावयास त्या उपयोगी पडतील.

एकशें नव्वद ओव्या आजवर झाल्या. पाळण्याच्या ओव्या अद्याप टिपावयाच्याच आहेत. त्या जात्यावरच्या नसल्यामुळें त्यांना कोणता हात लागेल तें पाहावें लागेल. अक्का म्हणते, माळ्यावरचा पाळणा खालीं काढा. संक्रांत उलटून थंडी ओसरली म्हणजे आरंभ करूं. थंडींत तिचा घसा बसतो.